नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘आज बंद’ कुणी सांगायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या ताई लिहितात: आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांनी सुरू केलेली तावेर्न, म्हणजे गावातला छोटा बार, आहे. वर मंगळुरी कौलं, शिंपल्यांच्या खिडक्या, हात लागून लागून काळं पडलेलं सागवानी काउंटर, मागच्या फळीवर वेताच्या विणीतले जुने गाराफांव, म्हणजे फेणी साठवायचे काचेचे मोठे बुधले. सासरे वारल्यावर माझे यजमान ती चालवतात. संध्याकाळी वाड्यावरची, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीतली, सात-आठ माणसं येतात, कॅरम खेळतात, दोन पेग घेतात आणि नवाच्या आत घरी जातात. लायसन्सची फी, वीज आणि कौलांची दुरुस्ती वजा जाता हातात फारसं काही उरत नाही. दिरांचा मुलगा नुकताच बंगळुरूहून परत आलाय. त्याचं म्हणणं, जागेचा ‘व्हिंटेज’ लूक नीट बाहेर काढू आणि वाढदिवस, साखरपुडा, फोटोशूट, फेणी टेस्टिंग असल्या खासगी कार्यक्रमांना देऊ. मागच्या महिन्यात त्याच्या ओळखीत एक पार्टी दिली. एका रात्रीत महिन्याभराच्या धंद्याहून जास्त पैसे आले. पण नेहमीची मंडळी दारातून परत गेली. सासऱ्यांचे एक जुने स्नेही, वय ऐंशीच्या घरातलं, तेव्हापासून आलेलेच नाहीत. खिडकीजवळची त्यांची खुर्ची त्या दिवशी फोटोंसाठी बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, नेऊन ठेवली होती. सासूबाई गप्प आहेत, यजमानांचं काही ठरत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची आवराआवर मी दुपारपर्यंत करत होते. आम्ही सासऱ्यांची आठवण विकायला काढलीय का? की उगाच जुनं धरून बसलोय? पुतण्याला काय सांगू?

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक काम सांगते. बाकीचं काय ठरायचं ते ठरेल, पण हे काम त्यासाठी अडवून ठेवू नका. जे काका येईनासे झालेत त्यांच्या घरी तुमच्या यजमानांनी स्वतः जावं. पुतण्याला पाठवू नये, फोनवरही भागवू नये. ‘त्या दिवशी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, आमच्याकडून राहून गेलं’ एवढं बोललं तरी पुष्कळ झालं. ऐंशीचा माणूस काठी टेकत अर्धा वाडा चालून येतो, दारात एक अनोळखी मुलगा त्याला प्रायव्हेट पार्टी आहे म्हणून सांगतो आणि आपली खुर्ची बाहेर फोटोला मांडलेली त्याला दिसते. पार्टीचा राग दोन दिवसांत निवळला असता. या घरात आपल्याला आता कुणी ओळखत नाही, हे मात्र मनातून जात नाही. तो घाव भरता येण्यासारखा आहे, पण आणखी महिनाभर गेला तर अवघड होईल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘आठवण विकणं’ हे शब्द तुम्ही स्वतःला फार लवकर लावून घेतलेत, असं मला वाटतं. तुमच्या सासऱ्यांनी ती खोली संसार चालावा म्हणून उघडली होती. तिच्यातून चार पैसे जास्त मिळवणं हा त्यांच्याशी द्रोह कसा होईल? शिवाय गावची तावेर्न नुसती रोजच्या दोन पेगांवर कधीच चालली नाही. सांजांवाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनच्या भर पावसात, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरींत उड्या मारून आलेली पोरं, चर्चच्या फेस्ताच्या आदल्या रात्रीची गर्दी, वाड्याची फुटबॉल टीम जिंकली की उसळणारा गोंधळ, हे सगळं अशाच खोल्यांमधून होत आलंय. समारंभ त्या जागेला नवे नाहीत. फरक एवढाच की त्या गर्दीतसुद्धा रोजचा माणूस आपल्या कोपऱ्यात बसलेला असायचा. सांजांव आहे म्हणून त्याला कुणी घरी पाठवत नव्हतं.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे मात्र नेमका रोजचा माणूसच परत पाठवला गेला. त्यामुळे समारंभ घ्यावेत की नाही यावर फार डोकं शिणवू नका. खोली कुठल्या दिवशी, कुठल्या वेळेत द्यायची, आणि रोजच्यांना ते आधी कोण सांगणार, हे ठरलं की तुमची निम्म्याहून जास्त काळजी मिटेल.

पुतण्याच्या बाजूनेही बोलायला हवं. तुम्ही त्याची योजना सरळ नाकारलीत तर तावेर्न आहे तशी राहील, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं होईलच असं नाही. सात-आठ नेहमीची माणसं, त्यांतली बहुतेक उतारवयातली, आणि वरखर्च जाऊन हातात काही न उरणारा धंदा. गावोगावच्या लहान तावेर्नी अशाच मिटत गेल्या: म्हातारा गेला, मुलांना नको होती, लायसन्स नूतनीकरण राहून गेलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, लहान वस्त्यांसाठी ते अंतर २२० मीटर ठेवलं होतं, तेव्हाही गोव्यातल्या कितीतरी बारांवर कुलूप लागण्याची वेळ आली होती. तुमची खोली त्यातून तरली. आता घरातलाच एक शिकलेला मुलगा तिच्यात जीव ओतायला परत आलाय. गावात असं फारसं घडत नाही, त्यामुळे त्याचा उत्साह मोडू नका.

आणखी एक गोष्ट जरा हळू हाताने विचारते. ‘जुनी तावेर्न’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सगळं गोडच येतं. पण त्या काउंटरच्या अलीकडे वाड्यावरच्या किती बायका कधी बसल्या? नवरा उशिरापर्यंत परतला नाही म्हणून दारापर्यंत येऊन मुलाकरवी निरोप धाडणाऱ्या बायका प्रत्येक गावात होत्या, तुमच्याकडेही असतील. तुम्ही स्वतः एवढ्या वर्षांत त्या खोलीत निवांत खुर्चीवर कधी बसलात का? खासगी कार्यक्रमांचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. दुपारी तीन ते सहा या वेळात वाड्यावरच्या एखाद्या मावशींची साठी, शाळेतल्या मैत्रिणींचं जमणं, बचत गटाची वर्षअखेरची भेट, फेणी नको असेल तर कोकमाचं सरबत आणि तिखट भजी. ज्यांना आजवर त्या दारातून आत येता आलं नाही, त्यांच्यासाठी ती खोली पहिल्यांदा उघडेल. पुतण्याला बाहेरगावची गिऱ्हाइकं हवीत, त्यालाही माझी हरकत नाही. पण पहिली काही बुकिंग गावातली, गावच्या दरात घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ज्यांनी तिथे आपला प्रसंग साजरा केलाय ते उद्या आवाजाची तक्रार घेऊन येण्याआधी तुमच्याशी बोलतील.

आता जे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत, त्याबद्दल. ‘दुसऱ्या दिवशीची आवराआवर मी दुपारपर्यंत करत होते.’ पत्रात सासऱ्यांची आठवण आहे, यजमानांची घालमेल आहे, सासूबाईंचं मौन, काकांचा रुसवा, पुतण्याची स्वप्नं आहेत. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते कुठेच नाही. त्या रात्री किसमूर कुणी केली? रवा लावून बांगडे कुणी तळले? पाहुण्यांनी कुठलं न्हाणीघर वापरलं? घराला लागून असलेल्या खोलीत धंदा वाढतो तेव्हा तो पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरतो. मला राहून राहून वाटतं की तुमची अस्वस्थता थोडी या कष्टांचीही आहे, पण ‘मला झेपत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘सासऱ्यांची आठवण’ म्हणणं तुम्हाला सोपं गेलं. यात चुकीचं काही नाही. घरच्या बाईला स्वतःसाठी मागायची सवयच नसते, म्हणून ती दुसऱ्याच्या नावाने मागते. या वेळी मात्र तुमच्या नावाने मागा. जेवण बाहेरून आणायचं की घरी करायचं, घरी केलं तर त्याचा दर काय, तो पैसा कुणाच्या हातात जाणार, मदतीला रोजावर कोण येणार, आणि कुठल्या महिन्यात तुम्ही काहीच करणार नाही, हे सगळं आधी ठरू द्या. चवथीच्या दिवसांत घर भरलेलं असताना बुकिंग घेणार नाही, एवढं तर कागदावरच लिहून ठेवा.

सजावटीबद्दल पुतण्याशी बोलाल तेव्हा त्याला एकच विचारा: इथलं काय खरं आहे आणि काय विकत आणायचंय? बाजारात जुनाट दिसणाऱ्या नव्या वस्तू ढिगाने मिळतात, पत्र्याच्या जाहिराती, ग्रामोफोनचे कर्णे, मुद्दाम खरचटवलेलं लाकूड. तुमच्या खोलीला त्यांतलं काहीही नको. काउंटरच्या कडेला जिथे मनगटं टेकतात तिथे लाकूड गुळगुळीत होऊन जरा खोलगट झालं असेल. त्याला पॉलिश करू देऊ नका. कॅरमबोर्ड कायमचा हलवू नका. गाराफांव रिकामे असले तरी फळीवरच राहू देत. ज्यांना अशा वस्तूंचं मोल बघायचंय त्यांच्यासाठी कांदोळीत २०२१ पासून फेणीचं एक संग्रहालयच आहे, पुतण्याला घेऊन एकदा बघून या. म्हणजे तुमच्याकडे घरात काय पडलंय हे त्यालाही कळेल आणि तुम्हालाही.

पैसा घालायचाच असेल तर आधी जे फोटोत येत नाही त्यात घाला. जुन्या वायरी पूर्ण बदला, कारण लाकडी छताखाली शोभेचे दिवे आणि पार्टीचे स्पीकर असा भार त्यांच्यावर टाकणं धोक्याचं आहे. कौलं पावसाआधी फिरवून घ्या. बायकांसाठी वेगळं, नीट कडी लागणारं स्वच्छतागृह बांधा. आणि एक विसरू नका: खिडकीजवळची खुर्ची काकांची आहे, ती भाड्याच्या सामानात धरू नका.

पणजीच्या फोंताईन्हासमध्ये काय झालंय ते तुम्ही ऐकलंच असेल. रंगीत घरं बघायला माणसं येतात, लोकांच्या दारात उभी राहून फोटो काढतात, आणि आत राहणाऱ्यांना स्वतःच्या पायरीवर बसणंही नकोसं होतं. त्याच भागात जोसेफ बारसारखी इवलीशी जागाही आहे, जुनेपण न गमावता फेणी पाजते आणि भरलेली असते. एकाच भागात दोन्ही दिसतं. म्हणून फोटोशूट या प्रकाराबद्दल मी तुम्हाला सावधच राहायला सांगेन. त्यात पैसा आहे, पण बाल्कांव, अंगण, तुळशीवृंदावन सगळंच कॅमेऱ्यात ओढलं जातं आणि आत सासूबाई राहतात. तो प्रकार पहिल्या वर्षी तरी घेऊच नका.

त्याउलट फेणी टेस्टिंगची कल्पना मला मनापासून आवडली. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली राज्य सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान दिला. तरी बाहेरून आलेल्या माणसाला अजून ती कुठलीतरी उग्र गावठी दारूच वाटते. दहा-बारा माणसं, मार्च ते मे या हंगामातली हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची, सौम्य दारू), सोबत चिरलेली मिरची, मीठ आणि लिंबू, मग जुनी फेणी. ग्राव, म्हणजे फेणीचा जोर मोजायचं माप, काय असतं, बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून जोर कसा ओळखतात, कोळंबीत, म्हणजे काजूची फळं तुडवायच्या खोलगट जागेत, बोंडू कसे तुडवतात, हे सांगायला जवळपासचा भाटीवाला, म्हणजे फेणी गाळणारा, बोलवा. किंवा काकांनाच विचारा. त्यांना मान मिळेल, मानधनही द्या. असा कार्यक्रम दुपारी संपतो, आवाज होत नाही, आणि संध्याकाळी खोली पुन्हा वाड्याची होते.

कागदपत्रांचं आता स्पष्ट सांगते, कारण अशा घरांत भांडणं तिथूनच सुरू होतात. लायसन्स अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर कुठलंही बुकिंग घेण्याआधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन ते वारसाच्या नावावर करून घ्या. खासगी कार्यक्रमाला त्यातून परवानगी मिळते का, पाहुण्यांनी स्वतःच्या बाटल्या आणल्या तर काय, हेही तिथेच विचारून घ्या आणि उत्तर तोंडी न घेता लेखी मिळवा. पंचायतीचा परवाना आणि खाण्यासाठीचं अन्नसुरक्षा लायसन्स पाहून घ्या. गोव्यात दारू पिण्याचं वय २१ आहे, त्यामुळे अठराव्या वाढदिवसाचं बुकिंग आलं की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी तर ते कोकम सरबतावरच घेईन. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कौलारू खोलीतून आवाज सरळ शेजाऱ्याच्या माजघरात जातो, म्हणून स्पीकर नवालाच बंद, असा तुमचा स्वतःचा नियम करा.

घराचं त्याहून महत्त्वाचं. गोव्यातल्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक धरतात. म्हणजे त्या घराचा अर्धा भाग सासूबाईंचा स्वतःचा आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर उरलेल्या अर्ध्यात सासऱ्यांची सगळी मुलं, मुलगे आणि मुली, सारखी वारस आहेत. नणंद असेल तर तिचाही हिस्सा आला. यजमानांच्या हिश्श्यात तुमचाही हक्क येतो. चांगल्या वकिलाकडून एकदा खात्री करून घ्या. पुतण्या आणि यजमान दोघांनी ठरवलं म्हणून ठरलं, असं इथे होत नाही. सासूबाई गप्प आहेत म्हणता, पण त्यांना कुणी विचारलंय का? ‘आई, तुम्हाला चालेल का’ असं विचारलं तर त्या ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतील. त्यापेक्षा ‘आई, कुठले दिवस खोली द्यायची नाही ते तुम्ही सांगा’ असं विचारा. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, घरचा उत्सव, जत्रा, त्यांच्या मनात तारखा असतील. त्या त्यांनी सांगितल्या की त्या या कामात सामील झाल्या.

पुतण्याला काय सांगू, असं विचारलंत. ‘नको’ म्हणू नका आणि ‘बघू’ही म्हणू नका, ‘बघू’ म्हणालात की तो पुढचं बुकिंग घेऊन मोकळा होईल. त्याला सांगा: एक वर्ष करून बघू. महिन्यातून दोनच रात्री, त्याही आधी ठरलेल्या, समजा दुसरा आणि चौथा शनिवार. बाकी कार्यक्रम दुपारी. आठ दिवस आधी दारावर खडूने लिहायचं आणि रोजच्या मंडळींना तोंडी सांगायचं, हे सांगण्याचं काम त्यानेच करायचं. खोलीत खुर्च्या मावतात तेवढेच पाहुणे. अनामत रक्कम आगाऊ, मोडतोड झाली तर त्यातून वजा. रात्री साडेदहाला दार बंद. गाड्या कुठे लावायच्या ते बुकिंगच्या कागदावरच छापलेलं. शेजारच्या तीन-चार घरांना त्याने आधी जाऊन भेटायचं. समारंभांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवायचा, त्यातून तुमचा मेहनताना आधी काढायचा, मग दुरुस्तीसाठी ठरावीक भाग बाजूला, आणि उरेल ते त्याने आणि यजमानांनी वाटून घ्यायचं. रोजच्या पेगचा दर मात्र समारंभाच्या पैशाकडे बघून वाढवायचा नाही. त्या दोन शनिवारी मंडळींनी कुठे बसायचं तेही बघा. बाल्कांवात एक टेबल आणि कॅरमबोर्ड मांडून दिलात तर त्यांतले निम्मे तरी येतील, आणि पार्टीतली पोरं हमखास त्यांच्याशी गप्पा मारायला बाहेर येतील.

हे सगळं त्याला जाचक वाटलं आणि तो म्हणाला की असं करून धंदा होत नाही, तर त्याला काय हवंय ते तुम्हाला कळेल. तसं असेल तर त्याने म्हापसा-कळंगुट रस्त्याला भाड्याने जागा घ्यावी, तिथे त्याचं काम छान चालेल, तुम्ही आशीर्वाद द्या. पण माझा अंदाज आहे की तो ऐकेल. बंगळुरूची नोकरी सोडून आलेल्या मुलाला कुणीतरी बसून नीट बोलावं एवढीच अपेक्षा असते, आणि तुमच्या घरात अजून कुणी त्याच्याशी नीट बोललेलं दिसत नाही.

अशीच पत्रं मला रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या आणि गिरगावातल्या वाचकांकडूनही येतात, कुणाची जुनी परमिट रूम असते, कुणाची खाणावळ. त्यांनाही दिवस, वेळ, वही आणि शेजारी यांचं हेच सगळं लागू आहे. कायदा तेवढा आपापल्या राज्याचा पाहा. महाराष्ट्रात परमिट रूमचं लायसन्स वेगळं, आणि बिअर सोडून कडक दारूसाठी वयाची अट २५ची आहे.

ताई, वर्षाअखेर वही उघडून सगळ्यांनी एकदा बसा. त्या बैठकीत तुमचं मत पहिलं मांडा, शेवटी नको. तुमचा हात दुखत असेल, स्वच्छतागृह अजून बांधलं नसेल किंवा रोजची मंडळी आठावरून चारवर आली असतील, तर पुढच्या वर्षी महिन्याला एकच शनिवार घ्या, किंवा एकही नको. आणि काका परत आले की मला जरूर कळवा.